सेल्फ फिरतो, पण ट्रक चालू होत नाही : पंप उतरवण्याआधी एवढे पाहा

१९९६ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजाराला निघालेला एक जुना सहा चाकी ट्रक रात्री इगतपुरीच्या अलीकडे ढाब्यावर उभा राहिला. ड्रायव्हरने तीन-चार तास झोप घेतली आणि पहाटे सेल्फ मारला. इंजिन खणखणीत फिरले, पण पकडले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तासाभरात बॅटरी बसली. जवळच्या गॅरेजमधून मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटे पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "पंप गेला." पंप उतरला, टेंपोतून नाशिकला गेला, तिथे खोलून, कॅलिब्रेशन होऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला आणि इंजिनावर चढला. गाडी तरीही चालू झाली नाही. ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी वास येऊ लागला.

मालक मालेगावचे. त्यांनी आमच्या उस्तादांना एसटीत बसवून आणले. मी तेव्हा उस्तादांच्या हाताखाली पाने उचलून देणारा पोरगा होतो, म्हणून मीही बरोबर. मला वाटले, आता पेटी उघडणार. उस्तादांनी पेटीला हात लावला नाही. ड्रायव्हरला बाजेवर शेजारी बसवले, चहा मागवला आणि विचारपूस सुरू केली. डिझेल कुठे भरले? गेल्या आठ दिवसांत गाडीवर काय काम झाले? चढाला ओढ कमी वाटत होती का? सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत होती की वेळ लागत होता? या शेवटच्या प्रश्नावर ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, चार-पाच दिवसांपासून सकाळी जास्त सेल्फ मारावा लागत होता. चालू होऊन एकदा बंद पडायची, मग दिवसभर काही तक्रार नाही."

उस्ताद उठले, गाडीखाली गेले आणि डिझेलच्या टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपवरून हात फिरवत निघाले. चासीजवळ रबरी पाईपचा वीतभर तुकडा होता. क्लिपखाली तो ब्लेडने कापल्यासारखा चिरला होता. बाहेर डिझेलचा एक थेंब नव्हता. पहिला रोग एवढाच होता. पंपाचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की जुने ट्रक अजून पुष्कळ आहेत. वीट, वाळू, भंगार, ऊस, मुरूम यांच्या धंद्यात ते दिसतात आणि त्यांच्यावर आपल्या अनेक मिस्त्री बंधूंची आणि लहान ट्रकमालकांची रोजी चालते. टाटांनी १९५४ साली डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. तो करार १९६९ ला संपला, पण त्या घराण्याचे इंजिन पुढे अनेक वर्षे चालत राहिले. आपण ज्याला ६९७ म्हणतो ते म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ४०७ मधले ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तेवढाच. या इंजिनांवरचा लाईन पंप बहुधा मायकोचा. ती कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. अशा इंजिनाला कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. त्याचा रोग डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी सापडतो. मात्र क्रमाने पाहिले पाहिजे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजे इंजिन फिरते पण पकडत नाही याचा अर्थ एवढाच की, एक तर डिझेल आत जात नाही, किंवा जाते पण हवा पुरेशी तापत नाही, किंवा फवारा चुकीच्या वेळी पडतो. चौथे कारण क्वचितच असते. आता या तिघांतले कोणते, हे सायलेन्सर सांगतो. एक माणूस सेल्फ मारील, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. या एका पाहणीने निम्मे काम होते. पैसे लागत नाहीत, पाना लागत नाही. आणि तरी दहातले आठ मिस्त्री सायलेन्सरकडे न पाहता पंपाच्या बोल्टला पाना लावतात.

धूर नसेल तर

पहिले काम म्हणजे इंजिन बंद करण्याची केबल. ड्रायव्हर नॉब ओढतो, पंपावरचा स्टॉपचा लिव्हर मागे येतो आणि डिझेल तुटते. पावसाळ्यात ही केबल आतून गंजते. नॉब आत ढकलला तरी लिव्हर जागेवरच राहतो. मग दिवसभर सेल्फ मारा, पंप एक थेंबही देणार नाही. नॉबवर विश्वास ठेवू नये, खाली वाकून पंपावरचा लिव्हर बोटाने हलवून पाहावा. तो स्प्रिंगने परत उडी मारतो का? मारत नसेल तर केबल सोडून पुन्हा पाहावे. केबल सोडल्यावरही लिव्हर जड असेल तर पंपाच्या आतली रॅक अडकली आहे. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांना हा रोग होण्यासारखाच होता. उभ्या गाडीत डिझेलचा चिकटा धरतो, पाण्याचा अंश असेल तर गंज चढतो. अशा वेळी पंपाच्या बाजूची पट्टी काढून रॅकला स्वच्छ डिझेल किंवा पातळ तेल सोडून हलक्या हाताने मागेपुढे करावे. हातोडी मारू नये. रॅक सुटत नसेल तर तेव्हा मात्र पंप खरोखर पंपवाल्याकडे न्यावा.

पट्टी उघडलीच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. सेल्फ मारताना आतले टॅपेट एकामागून एक वर-खाली होतात का? होत नसतील तर पंपाला इंजिनाकडून फेराच मिळत नाही. कपलिंग किंवा गिअरकडे पाहावे लागेल.

लिव्हर ठीक असेल तर टाकीकडे जावे. काटा काय दाखवतो ते सोडा, काठी घालून पाहा. जुन्या ट्रकचा डिझेलचा काटा खरे बोलेलच असे नाही. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि पाच मिनिटे ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते.

यानंतर हात पंप, म्हणजे फीड पंपावरची गुंडी. फिरवून मोकळी करावी आणि दाबू लागावे. इथे हाताला पुष्कळ काही कळते. गुंडी पोकळ लागते, कितीही दाबली तरी डिझेलचा जोर येत नाही, तर टाकी ते फीड पंप या वाटेत हवा शिरते आहे, किंवा फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे. गुंडी वर ओढली की आपोआप खाली खेचली जाते, तर टाकीकडची वाट तुंबली आहे. टाकीतली जाळी, फीड पंपाखालची छोटी वाटी, पिचलेला पाईप, नाहीतर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बंद. गुंडी दगडासारखी घट्ट आणि फिल्टरच्या एअर स्क्रूतून काही येत नाही, तर फिल्टर भरला आहे. अनेक गाड्यांना दोन फिल्टर असतात. पहिला कापडी किंवा फेल्टचा असेल तर तो धुऊन वापरता येतो. दुसरा कागदी असतो. तो धुणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. धुतलेला कागदी फिल्टर बसवण्यापेक्षा दोन दिवस गाडी उभी ठेवलेली बरी. कागद फाटला की कचरा सरळ पंपात आणि नोझलमध्ये जातो.

इगतपुरीच्या गाडीत जो रोग होता त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या अनुभवात पंपावर सर्वात जास्त खोटा आळ याच रोगामुळे येतो. मिस्त्री म्हणतो, "कुठे गळत नाही, म्हणजे लाईन चांगली आहे." हे अर्धेच खरे आहे. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि मोठ्या पंपाकडे, डिझेल दाबाने जाते. तिथे भोक असेल तर बाहेर थेंब दिसतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन चालू असताना ओढ जोरात असते, थोडी हवा गेली तरी गाडी चालते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा घेऊन पाईपातले डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते, कारण टाकी खाली आहे. सकाळी पाईप रिकामा. म्हणून सकाळी सेल्फ जास्त लागणे आणि रोज थोडा थोडा वाढत जाणे हे या रोगाचे लक्षण. ड्रायव्हरच्या एका वाक्यात ते होते. पहिल्या मिस्त्रीने ते विचारलेच नाही.

याची खात्री करण्याचा सोपा उपाय आहे. फीड पंपाला येणारा टाकीचा पाईप सोडावा. त्या जागी रबरी पाईपचा तुकडा लावून त्याचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवावे. कॅन पंपाच्या उंचीवर ठेवावा. हवा काढून सेल्फ मारावा. गाडी चालू झाली तर पंप, फिल्टर, नोझल सगळे निर्दोष, चोर टाकीकडच्या पाईपात आहे. दुसरा उपाय म्हणजे त्याच वाटेत पारदर्शक प्लास्टिक पाईपचा हातभर तुकडा बसवणे. बुडबुडे गिऱ्हाइकालाही दिसतात. त्याला समजावून सांगावे लागत नाही.

हवा काढण्याचा क्रम सर्वांना ठाऊक असतो, पण घाईत चुकतो. आधी फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत गुंडी मारावी, स्क्रू आवळावा. मग पंपाचा एअर स्क्रू, तसेच. मग गुंडी घट्ट बंद करावी. हे विसरले तर तिथूनच पुन्हा हवा शिरते. शेवटी नोझलकडचे दोन-तीन पाईप नटाजवळ अर्धा फेरा सैल करून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. डिझेल ठिबकत न येता उसळून उसळून आले पाहिजे. आले की नट आवळावेत. स्क्रूखालचे तांब्याचे वायसर जुनेच परत बसवण्याची सवय वाईट आहे. किंमत क्षुल्लक असते आणि हवा तिथूनच शिरते.

सैल केलेल्या नटासमोर तोंड किंवा हात ठेवू नये. नोझल टेस्टरवर तर कधीच नाही. नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडतो. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी फोडून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही फारसे, पण आत डिझेल पसरते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाले तर हळद-चुना न लावता तडक मोठ्या इस्पितळात जावे आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने आत गेले असे स्पष्ट सांगावे.

पांढरा धूर येत असेल तर

आता डिझेल पोहोचते आहे. मग प्रश्न हवा तापण्याचा किंवा वेळेचा. प्रथम सेल्फचा वेग पाहावा. ज्याला ड्रायव्हर "सेल्फ चांगला फिरतो" म्हणतो तो फार वेळा मंद फिरत असतो. मंद फिरला की दाबलेली हवा रिंगांवरून निसटते, पुरेशी तापत नाही. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीवर लावावा. बारा व्होल्टची बॅटरी सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली जात असेल, किंवा दोन बॅटऱ्यांची चोवीसची जोडणी एकोणिसाच्या खाली, तर आधी बॅटरीचे पाहावे. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर बॅटरीचे टोक, चासीची अर्थिंगची पट्टी, सेल्फची जाड वायर यांना हात लावून पाहावा. जिथे गरम लागते तिथे जोड खराब. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती द्यावी. नाहीतर डिझेलच्या रोगात सेल्फचा रोग वाढतो.

हवेची वाट आणि धुराची वाट हे लवकर पाहून होते. एअर क्लीनरमध्ये उंदराने घर केलेले किंवा मागच्या वेळी आपल्याच पोराने विसरलेली चिंधी, दोन्ही मी काढली आहेत. घाटात चालणाऱ्या काही ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक असतो. त्याची झडप बंद अडकली तर धूर बाहेर जात नाही आणि इंजिन पकडत नाही.

वेग चांगला आहे, वाटा मोकळ्या आहेत, तरीही पांढराच धूर, तर गाडीचा इतिहास विचारावा. नुकतेच हेडचे काम झाले आहे? टॅपेट घट्ट राहिले असतील, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतील. काहीच काम झालेले नाही, पण ऑइल खाते, ब्रीदरमधून वाफ मारते, थंड असताना धक्का मारूनच चालू होते आणि गरम झाल्यावर एका सेल्फला पकडते? मग रिंगा आणि लायनर दमले आहेत. अशा गाडीला नवे नोझल बसवून देणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणे. त्याला खरे सांगावे.

आणि पंप नुकताच उतरवून चढवला असेल तर? इथेच इगतपुरीच्या गाडीचा दुसरा रोग होता. उस्तादांनी पाईप बदलला, मी हवा काढली, सेल्फ मारला, तर सायलेन्सरमधून पांढरे लोट निघाले, पण इंजिन पकडेना. माझा चेहरा पडला. उस्ताद मात्र म्हणाले, "पहिला रोग गेला. हा दुसरा नाशिकहून आला आहे."

पंपाचा एक फेरा होतो तेव्हा इंजिनाचे दोन फेरे होतात. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन वर आल्याची खूण पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर दोनदा येते, एकदा हवा दाबताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. नुसती खूण पाहून पंप चढवला तर तो निम्म्या वेळा उलटा बसतो. मग फवारा धूर बाहेर जाण्याच्या वेळी पडतो आणि डिझेल न जळता पांढरे होऊन बाहेर येते. ओळखायची कशी? टॅपेटचे झाकण काढावे. सहा सिलिंडरच्या या इंजिनात फायरिंग १-५-३-६-२-४ असते, म्हणजे एकाची जोडी सहाशी. खूण जुळली असताना सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतील, एक मिटतो आहे आणि दुसरा उघडतो आहे, आणि एक नंबरचे दोन्ही टॅपेट मोकळे असतील, तर एक नंबर दाबावर आहे. त्या वेळी पंपही एक नंबरला डिझेल देण्याच्या बेतात असला पाहिजे. नेमके किती डिग्री आधी, ते त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावे. अंदाजाने चालत नाही, एक दात इकडे-तिकडे झाला तरी गाडी त्रास देते.

आमच्या गाडीत एक नंबर दाबावर असताना पंप सहा नंबरला डिझेल देत होता. पंप सोडून, फिरवून, परत बसवायला तासभर लागला. तिसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडले. कांदा वाशीला पोहोचला तेव्हा निम्मा माल वेचून टाकावा लागला आणि उरलेला मिळेल त्या भावाने गेला. म्हणून पंप उतरवणे खरोखर भाग पडले तर आधी फ्लँजवर आणि इंजिनावर छिन्नीची बारीक खूण करून घ्यावी आणि एक नंबर दाबावर आणूनच बोल्ट सोडावेत.

एक रिवाज मात्र कायमचा सोडावा, तो म्हणजे पेट्रोलचा बोळा पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाला धरणे, किंवा आत पेट्रोल नाहीतर ईथरचा फवारा मारणे. इंजिन क्षणभर पकडते, म्हणून तो हमखास इलाज वाटतो. पण असे इंधन पिस्टन वर येण्याआधीच भडकते. रिंगा तुटतात, पिस्टनचे काठ उडतात, आणि ढाब्याच्या आवारात डिझेलने भिजलेल्या इंजिनाजवळ जाळ करणे हे वेगळेच. शिवाय याने रोग कळत नाही. हवा धरलेली गाडी पेट्रोलवर दोन ठोके देऊन पुन्हा बंदच पडणार.

आता मजुरीचे. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक सामानाचे पैसे देतो, हातांच्या कामाचे देतो, पण रोग शोधण्याचे द्यायला कुरकुरतो. वीतभर पाईप बदलला तर शंभर रुपये मागायला मिस्त्रीला संकोच वाटतो आणि पंप उतरवला तर हजारो मागायला वाटत नाही. पंप उगीच उतरतो याचे खरे कारण मला पुष्कळ वेळा हेच दिसले आहे. यावर उस्तादांचा रिवाज असा होता की गाडीला हात लावण्याआधीच ते तपासणीचा आकडा सांगत. "रोग पाईपात निघो की पंपात, माझे एवढे." मालकाने कबूल केले तरच काम. काढलेला तुकडा ते मालकाच्या हातात देत, चीर दाखवत. त्या कांद्याच्या गाडीच्या मालकाने पुढे आपल्या चारही गाड्या आमच्याकडेच दिल्या.

तरुण मिस्त्रींसाठी एक सूचना. वर जे नट सैल करण्याचे सांगितले ते फक्त जुन्या लाईन पंपाच्या गाडीला. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-चार आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक नव्या ट्रकांत कॉमन रेल आहे. त्यात दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे नोझलचा पाईप सैल करून सेल्फ मारणे म्हणजे जिवाशी खेळ. ती गाडी स्कॅनरवाल्याकडे न्यावी.

जुना ट्रक लांब पल्ल्याला पाठवणाऱ्या मालकाने ड्रायव्हरच्या पेटीत एवढे सामान ठेवावे : मापाचा रबरी पाईप एक मीटर, चार क्लिपा, तांब्याचे वायसर दहा-बारा, एक कागदी फिल्टर, पारदर्शक पाईपचा तुकडा आणि पाच लिटरचा स्वच्छ कॅन. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवावे की सकाळी सेल्फ जास्त लागू लागला तर त्याच दिवशी फोन करायचा, पाचव्या दिवशी नाही.